फरशीवर घंटी नाही

जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर रुई बसते. घरी येऊन कितीही झटका, कानामागं, भुवयांत, सदऱ्याच्या शिवणीत थोडी राहतेच. किस्स्यांचंही तसंच आहे. मी मुळात कमी बोलणारा माणूस. पण कुठं लग्नात, तेरवीत आमच्या जिनातला एखादा जुना गडी भेटतो आणि म्हणतो, "सुकदेव, फरशी आठवते काय बे?" झालं! एक किस्सा निघतो, त्याला चिकटून दुसरा निघतो, आणि पंगत उठून पत्रावळी उचलल्या तरी आम्ही बसलेलेच!

शाळा माझी चौथीपर्यंत. त्यामुळं जसं आठवतं तसं, समोर बसून बोलल्यासारखं लिहितो.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाच्या या गोष्टी. नांदुऱ्याला स्टेशनाकडून आमच्या जिनाकडं एक रस्ता जायचा. रस्त्याच्या कडेनं गटार, आणि गटारावर शहाबादी फरशी टाकलेली. नगरपालिकेच्या कागदात तिचं नाव फुटपाथ. आम्ही म्हणायचो फरशी. रस्त्यापासून हातभर उंच, आणि रुंदी म्हणाल तर एक माणूस आणि एक सायकल, एवढीच. त्यातही बाहेरच्या कडेला भाजीवाल्या टोपल्या मांडून बसायच्या.

कापसाचा हंगाम लागला की रस्ता बंद! नुसत्या गाड्याच गाड्या. एका गाडीच्या मागच्या कापसात दुसऱ्या गाडीच्या बैलांची तोंडं. माणूस आडवा शिरला तर उभा निघायचा नाही. मग आम्ही सायकलवाले भोंग्याच्या आत जिनात पोचणार कसे? चढलो फरशीवर.

पायी चालणारेही फरशीवर आणि आम्हीही फरशीवर. सगळं गाव फरशीवरून चालायचं. एक माझा बाप सोडून.

बाप दर बाजाराच्या दिवशी गावाहून चालत मला भेटायला यायचा. मायनं दिलेलं पीठ, चटणी फडक्यात बांधलेलं. गाड्यांच्या गर्दीतून, चाकांना अंग घासत, बैलांची शिंगं चुकवत यायचा. पण फरशीवर पाय ठेवायचा नाही. आमच्या गावात पाटलांच्या दारावरून जाताना तो वहाणा हातात घ्यायचा, आणि समोरून कोणी आलं की कडेला उभा राहायचा. आम्ही बौद्ध झालो होतो, कायदाही बदलला होता, पण बापाच्या पायांना ते अजून पटलं नव्हतं.

"बा, वर चढ ना. मोकळी हाय फरशी," मी म्हणायचो.

"मी अठीच बरा हाव," तो म्हणायचा.

मला फार काही नको होतं. माझा बाप फरशीवरून चालावा आणि कोणी आलं म्हणून खाली उतरू नये, एवढंच.

* * *

आम्ही चौघं सायकलवाले. मी रुईच्या गठाणी, म्हणजे गठ्ठे, बांधायचो. रऊफभाई फिटर, आमच्यात थोरले. नारायण रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस सोडायचा. उंच, लांब हातापायांचा, तोंडानं फटकळ. आणि चौथे हपिसातले काणेबाबू, पुण्याहून आलेले. त्यांची गंमत पुढं सांगतो.

पहिल्याच हंगामात नारायणाचं पायडल गोदामायच्या टोपलीत अडकलं. गोदामाय म्हणजे फरशीवरची सगळ्यात जुनी भाजीवाली. तिचे टमाटे उडाले आणि बरोबर बैलांच्या पायाखाली गेले! गोदामायनं नारायणाचं कॅरिअर असं धरलं, की तो पायडल मारतो आहे आणि सायकल जागची हलत नाही.

"सोड न माय! भोंगा होऊन राह्यला!"

"होऊ दे. तुह्या भोंग्याची मी चटणी करू काय?"

रऊफभाई उतरले. त्यांनी आपली सायकल भिंतीला टेकवली आणि टमाटे गोळा करायला बसले. जे फुटले नव्हते ते सदऱ्यानं पुसून टोपलीत ठेवले. मग आमच्याकडं पाहून म्हणाले, "देखो भाई, आजपासून रीत ठरली. फरशी चालणाऱ्याची हाय, आपण पाहुणे. पायी माणूस दिसला का उतरायचं. मागं मागं चालायचं. त्यानं हात दाखवला का मंग बाजूनं निघायचं."

"आन नाही दाखवला त?" नारायण म्हणाला.

"त भोंगा गेला अपना!"

कोणी कागदावर लिहिलं नाही, कोणी सही केली नाही. पण त्या दिवसापासून ती रीत आम्ही पाळली. इतक्या वर्षांत फरशीवर आमच्या सायकलीचा कोणाला धक्का लागला नाही. मी आयुष्यात फारशा गोष्टींचा गर्व केला नाही. हिचा करतो.

* * *

काणेबाबू पुण्याचे. त्यांची सायकल चकचकीत, चेनला कव्हर, आणि हँडलला मोठी पितळी घंटी. "आमच्याकडे सगळे सायकलवरच असतात हो," असं ते रोज एकदा तरी सांगायचे. आमचं बोलणं ऐकून पहिले काही दिवस ते नुसते हसायचे. 'जाऊन राह्यलो' म्हणालं की विचारायचे, "जाताय की राहताय? एक काय ते ठरवा!"

ते पहिल्यांदा फरशीवर आले ते घंटी वाजवतच. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग! पुढं गोदामाय डोक्यावर टोपली घेऊन चाललेली. ती थांबली. सावकाश वळली. बाबूंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काऊन रे बापा? देवळात आला काय घंटी वाजवाले?"

"अहो बाई, बाजूला व्हा म्हणून वाजवली!"

"मंग तोंडानं बोल. तोंड गहाण ठेवलं काय पुण्याले?"

अख्खी फरशी हसली. खाली गाडीवान हसले. बाबूंचा चेहरा टमाट्यासारखा! पण माणूस चांगला. दुसऱ्या दिवशी आले तर हँडलवर घंटी नव्हती. पान्यानं काढून खिशात घातलेली. आणि मागून हळूच आवाज आला, "मावशी... उतरलो हो!"

गोदामायनं असा हात दाखवला, जसा काही राजाला रस्ता दिला!

तेव्हापासून फरशीवर घंटी नाही. तोंडानं बोलायचं, तेही नात्यानं. काकाजी, मामाजी, माय, आत्याबाई, जसं वय दिसेल तसं. आणि पुढं 'उतरलो हो!'

* * *

आता नात्यानं हाक मारायची म्हणजे मागून मारायची. मागून फक्त पाठ दिसते. पाठीवरून नातं ठरवणं सोपं नसतं, हे नारायणाला कळलं.

नारायणाचं लग्न जमवायचं चाललं होतं. चिखलीकडची एक मुलगी सांगून आली होती. मुलीचे वडील मुलगा पाहायला येणार, पण कधी येणार ते कळवलं नव्हतं. हुशार माणूस! त्यांनी ठरवलं होतं, की न सांगता जायचं, मुलगा कामावर जाताना कसा वागतो ते बघायचं.

त्या दिवशी नारायणाला उशीर झालेला. सायकल जोरात. पुढं एक म्हातारा रमत गमत चाललेला, हातात छत्री. नारायणानं करकचून ब्रेक लावला, टांग टाकून उतरला आणि ओरडला, "मामाजी, उतरलो हो!"

आमच्या वऱ्हाडात मामाजी म्हणजे सासराही!

म्हातारा वळला. त्यानं नारायणाला नीट न्याहाळलं. मग म्हणाला, "बापा, मुलगी अजून दाखवली नाही आन मामाजी कायले म्हणतं?"

नारायणाच्या हातून सायकल पडली.

"तुम्ही... चिखलीचे?"

"चिखलीचाच. पण काऊन रे, सायकलीवर होता त उतरला कायले?"

"अठची रीत हाय. पायी माणूस दिसला का उतरायचं."

म्हाताऱ्यानं छत्री काखेत धरली, हात दाखवला, नारायण निघून गेला. संध्याकाळी घरी निरोप आला, मुलगा पसंत. नारायणाच्या मायनं विचारलं, "न बोलता, न बसता पसंत कसा झाला?" तर म्हातारा म्हणाला, "मले वळखलं नाही तरी जो उतरला, तो माह्या पोरीले किती मान देईन!"

लग्नात सासऱ्यानं जावयाला सायकल दिली. नवी कोरी. घंटी काढून!

* * *

मग नगरपालिकेची पाटी आली. कोणीतरी वर कळवलं असेल. मुकादम सायकलवर आला, कॅरिअरला पाटी बांधलेली, खिशात खिळे, हातोडा. तोही फरशीवरूनच आला, कारण रस्त्यावर गाड्या! पुढं गोदामाय दिसली तसा सवयीनं उतरला.

"मुकादम, पाटीवर काय लिव्हलं हाय?" गोदामायनं विचारलं.

मुकादमानं मोठ्यानं वाचलं, "फुटपाथवर सायकल चालविण्यास मनाई आहे."

"मंग तू कायले आणली वर?"

"मी कुठी चालवून राह्यलो, माय? मी त उतरलो ना!"

"हे सारेच उतरतात बापा!"

मुकादम विचारात पडला. मागं आम्ही चौघं हँडल धरून रांगेत उभे. पायी माणसंही थांबली. त्यात एक पोटुशी बाई होती, माहेरी आलेली. ती म्हणाली, "भाऊ, ह्या चौघाईच्या मागून आन पुढून माह्यं रोज जाणंयेणं होते. रस्त्यावरच्या बैलाईचं भेव वाटते, ह्याईचं नाही. पाटी लावाची असंन त बैलाईले लाव."

पाटी लागली नाही असं नाही. लागली. तिथंच एक फरशी फुटली होती, गटार उघडं पडलं होतं. मुकादमानं त्या भोकावर पाटी आडवी टाकली, फरशीच्या सांध्यात चार खिळे ठोकले आणि निघून गेला. अक्षरं वरच्या बाजूला! पुढं कितीतरी दिवस आम्ही 'मनाई आहे' वरून सायकल हातात धरून चालत गेलो.

* * *

बापाला फरशीवर चढवलं ते मी नाही. गोदामायनं.

बाजाराचा दिवस होता. मी जिनाच्या फाटकाशी उभा राहून त्याची वाट पाहत होतो. दुरून दिसला. दोन गाड्यांच्या मधून येत होता, आणि मागच्या गाडीचे बैल बिथरलेले. शिंग त्याच्या खांद्याला घासून गेलं. माझा जीव वर आला.

गोदामायनं ते पाहिलं. ती खाली उतरली होती, तिची दुसरी टोपली फरशीखाली गाडीवरून उतरवलेली. ती बापाला म्हणाली, "ओ काका, हे टोपलं वर घेता काय जरा? माह्यानं उचलत नाही."

गोदामायला टोपलं उचलत नाही! जी बाई चालू सायकल एका हातानं धरते!

बाप घोटाळला. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "माय, मी खालच्या आळीतला हाव. भाजी हाय. माह्या हातचं चालते काय?"

"काऊन? काटे हायेत काय तुमच्या हाताले?"

बापानं टोपलं उचललं, छातीशी धरलं आणि वर ठेवायला म्हणून फरशीवर चढला. एक पाय, मग दुसरा. टोपलं ठेवलं आणि लगेच उतरायला लागला.

"आता कायले उतरता? त्याले लावून घ्या कडेले. आन त्या मेथीच्या जुड्या लावा. मले वाकता येत नाही."

जुड्या लावून होईपर्यंत रस्ता गाड्यांनी असा भरला, की उतरायला जागाच राहिली नाही. बाप फरशीवरून चालत माझ्यापर्यंत आला. अंग चोरून, भिंत धरून, पण वरून आला. माझ्या डोळ्यांत रुई गेली म्हणून मी तोंड फिरवलं.

तेव्हापासून तो फरशीवरून यायला लागला. पण मागं सायकलचं चाक वाजलं, की हाक यायच्या आतच टुणकन खाली रस्त्यावर! सायकल गेली की पुन्हा वर. नारायण सांगून थकला. "काकाजी, तुम्ही उतरू नका, आम्ही उतरतो ना!" बाप हसायचा आणि उतरायचा. रऊफभाई एकदा म्हणाले, "सुकदेव, तुह्या बापाचा आमच्यापेक्षा बी लवकर ब्रेक लागते."

मी हसलो. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

* * *

काणेबाबूंचं मात्र उलटं झालं. ते रीत इतकी पाळायला लागले, की आम्हालाच भीती वाटायची.

थंडीचे दिवस. सकाळची पाळी. धुकं असं, की आपलंच पुढचं चाक दिसायचं नाही. बाबू सगळ्यांत पुढं. एकाएकी ते उतरले. "काकाजी, उतरलो हो!"

पुढं कोणीतरी उभं होतं. पांढरं, धिप्पाड. हलेना.

बाबू थांबले. आम्ही मागं थांबलो. "काकाजी, जरा हात दाखवता का? भोंगा होईल आमचा." काही नाही. नुसता मोठा श्वास.

"आजारी दिसतात हो," बाबू आम्हाला हळूच म्हणाले. आणि दोन पावलं पुढं जाऊन त्यांनी आधार द्यायला म्हणून खांद्यावर हात ठेवला. तर खांदा ओला, केसाळ, आणि वर वशिंड!

कोणाचा तरी सुटलेला बैल मेथीच्या वासानं फरशीवर चढला होता.

नारायण हसून खाली बसला. "बाबू, मारा न टांग, निघा बाजूनं!"

बाबू म्हणाले, "निघू कसा? त्यानं हात कुठं दाखवलाय?"

हेच बाबू दिवाळीत पुण्याला गेले. तिकडंही एक आजोबा दिसले म्हणून सायकलवरून उतरले आणि मागं मागं चालायला लागले. आजोबा वळून म्हणाले, "काय हो, पंक्चर झाली का?" परत आल्यावर बाबूंनी हे आम्हाला सांगितलं आणि मान हलवली. म्हणाले, "तिकडं सायकली लय हायेत. पण रीत नाही!"

'लय हायेत' म्हणाले! आम्ही चौघांनी त्या दिवशी चहाबरोबर भजी खाल्ली.

* * *

एकदा आम्ही सगळेच उशिरा पोचलो. कुठल्याशा कीर्तनाहून परतणाऱ्या म्हाताऱ्यांची रांग फरशीवर लागली होती. कोणी काठी टेकत, कोणी एकमेकींचा हात धरून. त्यांना हात दाखवायचं सुचेना, आणि आम्हाला पुढं जायचं सुचेना. जिनातले सगळे सायकलवाले त्या म्हाताऱ्यांच्या मागं हँडल धरून चालत आले. लांबून वरात दिसत होती म्हणे.

जिनाचे मालक शेठजी फाटकात उभे. "रेचे सुने पडले! होते कुठी सारे?"

रऊफभाई म्हणाले, "शेठजी, पायी माणसं होती समोर."

शेठजींना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाहायला निघाले, मोटारीतून. मोटार गाड्यांच्या गर्दीत अडकली, ना पुढं ना मागं. शेजारून फरशीवरून म्हाताऱ्या चालल्या, मुलं चालली, आमच्या सायकली आल्या, उतरल्या, हात दाखवले, निघाल्या. शेठजींची मोटार तिथंच. ते हॉर्न वाजवून वाजवून दमले.

गोदामायनं खिडकीत वाकून पाहिलं. "शेठजी, किती वाजवता? उतरा न खाली! पायी चाला, म्हणजे तुम्हाले बी कोणी काकाजी म्हणीन!"

शेठजी रागावतील असं वाटलं. ते उतरले. फरशीवर चढले, धोतराचा सोगा धरून. मागून मी येत होतो. मी उतरलो आणि म्हणालो, "काकाजी, उतरलो हो!"

जिनात शेठजी मला नावानं ओळखत नव्हते. वळून म्हणाले, "कोण, गठाणीवरचा काय रे तू?" आणि त्यांनी हात दाखवला. पुन्हा उशिराचं कारण कोणाला विचारलं नाही.

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मी अजूनही अडखळतो.

आमच्या गावच्या पाटलांच्या कापसाच्या गाड्या आल्या होत्या. पहिली गाडी जिनाच्या फाटकात पोचली आणि शेवटची अजून स्टेशनाजवळ. पाटील शेवटच्या गाडीशी उभे. तेवढ्यात पुढून निरोप आला, कापूस वजनाला काट्यावर लागला, मालक पाहिजे. आम्ही चौघं स्टेशनावर चहा पिऊन परत निघालो होतो. पाटलांनी मला ओळखलं.

"काऊन रे सुकदेव, सायकल देतं काय? तठी वजन लागलं माह्यं."

मी द्यायच्या आधी रऊफभाईंनी आपली सायकल पुढं केली. "घ्या पाटीलसाहेब. मी नारायणाच्या मागं बसतो. पण फरशीची एक रीत हाय." आणि त्यांनी ती सांगितली. उतरायचं, नात्यानं हाक मारायची, हात दाखवला की निघायचं.

पाटील हसले. "अरे, मोठ्या माणसाले मान देवाले मले शिकवता काय?"

पाटील पुढं, आम्ही मागं. बाजाराचा दिवस होता हे माझ्या ध्यानात होतं, पण इतक्या लवकर बाप येईल असं वाटलं नव्हतं. पुढं एक माणूस चालला होता. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर फडक्याचं गाठोडं. मी पाठ ओळखली. पाटलांना ओळखू येणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्या बापाची पाठ कधी पाहिलीच नव्हती. गावात बाप कडेला उभा राही आणि पाटील पुढं निघून जात.

मी ओरडणार, तोवर पाटील टांग टाकून उतरले होते.

"काकाजी, उतरलो हो!"

बाप आवाज ओळखून वळला. पाटील समोर उभे, दोन्ही हातांत हँडल. बापानं त्यांच्या मागं पाहिलं, हे काकाजी कोण ते शोधत. मागं आम्ही पोरं. त्यानं पुढं वळून पाहिलं. पुढं फक्त गोदामाय, टोपलीशी बसलेली.

पाटलांनीही आता तोंड पाहिलं. "कोंड..." ते म्हणाले. गावात ते बापाला एकेरी नावानं हाक मारायचे, पण आज पुढचं अक्षर बाहेर आलं नाही.

रस्त्यावर गाड्या उभ्या. गाड्यांवर आमच्याच गावची माणसं, पाटलांचे सालदार. सगळे बघत होते. बापानं एक पाय उचलला आणि फरशीच्या कडेबाहेर नेला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा पाय फरशीवर होता. बापानं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पाठ फिरवली आणि चालायला लागला. आयुष्यभर तो लगबगीनं चालला. त्या दिवशी हळू चालला. मागं पाटील. पाटलांच्या मागं मी, बाबू, नारायण, रऊफभाई. 

पुढून फाटकातून हाका येऊ लागल्या, "पाटील! ओ पाटील! वजन खोळंबलं!"

पाटलांनी मान वळवली आणि मला हळूच म्हणाले, "सुकदेव, त्याईले सांग न बापा. हात दाखवा म्हणावं."

मी सायकल बाबूंच्या हातात दिली, खाली उतरलो आणि गाड्यांमधून वाट काढत पुढं गेलो. बाप तोवर गोदामायच्या टोपलीपाशी पोचला होता आणि फरशीच्या मधोमध उकिडवा बसला होता.

"वांगे कोवळे हायेत काय, माय?"

गोदामायनं मागं उभ्या पाटलांकडं पाहिलं, मग बापाकडं पाहिलं. "पाहून घ्या काकाजी. एकेक पाहा. घाई कायची हाय?"

माझा बाप वांगं खात नाही. अंगाला खाज सुटते त्याच्या. आमच्या घरात वांगं कधी शिजलेलं नाही.

त्यानं एक वांगं उजव्या हातात घेतलं. एक डाव्या हातात घेतलं. दोन्ही उन्हात धरली, देठ पाहिले, उलटीपालटी केली.

मी खालूनच म्हणालो, "बा, पाटील खोळंबले. हात दाखव न."

"हात मोकळे कुठी हायेत बापा?" बाप म्हणाला.